पाच फुटी मूर्तीची पेटी

दवाखान्यातून बरा होऊन घरी निघालेल्या माणसाला 'परत या' म्हणू नये, एवढी अक्कल सगळ्यांनाच असते. आमच्या हेडसिस्टरचं तेवढ्यावर भागायचं नाही. पेशंट पिशवी काखोटीला मारून निघाला, की त्या हातातलं काम टाकून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत यायच्या आणि बोट नाचवत दम भरायच्या, "परत येऊ नका हां! पुन्हा इथे दिसलात तर माझ्याशी गाठ आहे."

नवखा माणूस बिचकायचा. खाडीकडच्या एका गावची म्हातारी तर पायरीवरच बसकण मारून रडायला लागली, "आता मी हिचं काय घोडं मारलं गो?" आमचा वॉर्डबॉय दामू तिच्याच गावाकडचा. तिला उठवत तो म्हणाला, "आजे, शिवी नाय ती. आशीर्वाद हाय. सिस्टर सगल्यांना देतान." दामूला स्वतःलाही एकदा टायफॉईड झाला होता. बारा दिवस आमच्याच वॉर्डात पडून होता. बरा होऊन निघाला तेव्हा त्यालाही पायरीवर तोच दम मिळाला. त्यानं विचारलं, "मंग सिस्टर, सोमवारी ड्युटीवर येऊ का नको?"

"ड्युटीवर ये," सिस्टर म्हणाल्या. "खाटेवर येऊ नको."

मी मूळची पेणची. नोकरी लागून रोह्याला आले तेव्हा मला इंजेक्शन सोडून काही म्हणजे काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी सिस्टरनी मला काय शिकवलं असेल? साबण कापायला! नवी वडी, शिवणाचा दोरा, आणि एका वडीचे चार तुकडे. म्हणे अख्खी वडी ओली राहते आणि फुकट विरघळते. मी मनात म्हटलं, झालं, ही बाई आता आपलं रक्तसुद्धा थेंब मोजून देणार. औषधांची खोकी त्या उलगडून ठेवायच्या आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर ड्युटीचे कागद लिहायच्या. आलेल्या पत्राचं पाकीट उलटं करून, खळ लावून पुन्हा वापरायच्या. त्यांचं पत्र आलं की आतून कुणातरी तिसऱ्याचाच पत्ता वाचायला मिळायचा.

चिक्कू म्हणावं तर तेही जमेना. नाताळात त्यांच्या करंज्यांचा पहिला डबा झाडूवाल्यांच्या घरी जायचा, डॉक्टरांना शेवटी. आणि बाजारातली गंमत तर मी डोळ्यांनी पाहिलेली. त्या पुलापलीकडे अष्टमी गावात राहायच्या, दोन खोल्यांत, एकट्या. संध्याकाळी येताजाता कोळणींशी त्यांचं भांडण ठरलेलं. वाट्यावर एक बोंबील वाढवून घेतल्याशिवाय बाई हलायच्या नाहीत. आणि वाढवून घेतला, की तोच बोंबील तिथल्या तिथे कोळणीच्या मांजराला टाकायच्या!

"मग एवढं भांडलात कशाला?" मी एकदा न राहवून विचारलं.

"भाव विचारणं हा माणसाचा हक्क आहे गं," त्या म्हणाल्या. "मांजराचं वेगळं."

त्या नगरकडच्या ख्रिस्ती. रोह्याला तीस वर्षं काढली, तरी त्यांचा 'गं' काही आमच्यासारखा 'गो' झाला नाही. नवरा कचेरीत कारकून होता, माझ्या येण्याआधीच गेलेला. त्याच्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. आम्ही दोघी धुतलेल्या बँडेजच्या गुंडाळ्या करत बसलो होतो. मान वर न करता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

तो श्रावणात गेला. इकडे पेटी करणारं कुणी नाही, म्हणून मुंबईहून मागवली. प्रार्थनेला चर्चचे पाळकसाहेबही तिकडूनच यायचे होते. टेम्पो निघाला आणि नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं. पेटी पाण्याच्या त्या बाजूला आणि नवरा ह्या बाजूला. एक दिवस गेला, दुसराही गेला. शेवटी अष्टमीच्या कोळणी डोक्यावरून मासळीचा बर्फ घेऊन आल्या.

"माझ्या नवऱ्याला मी मासळीच्या बर्फात ठेवला गं," सिस्टर म्हणाल्या. "त्या बायांनी बर्फाचा एक पैसा घेतला नाही. आणि त्या पेटीवाल्यानं? किती झाले विचारलं तर म्हणतो, अशा वेळी किंमत विचारायची नसते, बाई. माझी वर्षाची शिल्लक गेली. पेटी पाण्यानं फुगलेली, झाकण बसेना. कड्या सोनेरी, त्यातली एक उचलताना ह्या माझ्या हातात आली."

हातातली गुंडाळी त्यांनी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घट्ट गुंडाळली.

"मेल्यावर किंमत विचारता येत नाही ना? मग मी जिवंतपणी विचारणार. माझी पेटी माझ्या घरात पाहिजे. त्यांच्या शेजारी जागा आहे, तिथं मला ठेवायचं. आणि माझ्यासाठी कुणी रस्त्याकडे डोळे लावून बसायचं नाही. एवढं झालं की मी सुटले."

मला वाटलं, बोलायच्या गोष्टी. पण पुढच्याच रविवारी बाईंनी दवाखानाभर जाहीर केलं, "मी पेणला चाललेय. पेटी सांगायला."

सगळ्यांना वाटलं, हार्मोनियम! डॉक्टर म्हणाले, वा वा, निवृत्तीनंतर छंद पाहिजेच. दामूनं विचारलं, "सिस्टर, वाजवायला शिकवनार कोन?"

"ती वाजवायची नसते रे," सिस्टर म्हणाल्या. "त्यात झोपायचं असतं."

आता पेणच का, ते सांगते. पेणला गणपतीचे कारखाने, हे जगाला माहीत. पण मूर्ती परदेशी जायची तर तिला लाकडाची पेटी लागते, हे कुणाच्या ध्यानात नसतं. माझे बाबा त्या पेट्या करायचे. मूर्तीला कधी आडवं घालायचं नाही, म्हणून पेटी उभी. पुढची फळी काढता येणारी, म्हणजे उघडल्याबरोबर बाप्पाचं तोंड दिसावं. आत गच्च पेंढा. बाहेर लाल रंगात वरच्या दिशेचा बाण आणि 'हे तोंड वर'. शेवटचा स्क्रू बसला की बाबा पेटीवर दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!" हमाल 'मोरया' म्हणून उचलायचे. 'लवकर या' हे देवाला की गिऱ्हाइकाला, असं विचारलं की बाबा डोळा मारायचे. "दोघांना. ऑर्डर उशिरा आली की माझे हाल व्हतात."

मी बाबांच्या पेट्यांबद्दल दवाखान्यात केव्हातरी बोलले असेन. सिस्टरनी ते लक्षात ठेवलं होतं.

आम्ही दोघी एसटीनं पेणला गेलो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला रंधा खाली ठेवला. "बाई, माफ करा. ज्या हातांनी बाप्पाच्या पेट्या केल्या त्याच हातांनी ही? नाय जमायचं. कारखानेवाले मला दारात उभं करनार नाय. आनि तुमी समोर धडधाकट उभ्या. जित्या मानसाची असली पेटी करू नये."

मला वाटलं आता सिस्टर पेटणार. पण त्या भुशाच्या पोत्यावर शांत बसल्या. "मूर्ती अमेरिकेला पोचते तेव्हा तडा जातो का हो?"

"आपल्या पेटीत? नाव नको!"

"मग मला दोन फर्लांग न्यायला तीच पेटी चांगली. तुम्ही माझी करूच नका. पाच फुटी मूर्तीची करा. आत काय ठेवायचं ते मी बघते."

बाबांनी खाली ठेवलेला रंधा पुन्हा हातात घेतला. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "मूर्तीची असंल तर करतो. मूर्तीचीच, हां! मला दुसरं कायच म्हाईत नाय."

"किती घ्याल?"

बाबांनी आकडा सांगितला. सिस्टरनी तो निम्मा केला. बाबा दचकले. "बाई, मयताच्या सामानाला घासाघीस करू नये!"

"मयताचं कुठलं?" सिस्टर म्हणाल्या. "ही मूर्तीची ना?"

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच! माझ्या बापाला भावात हरवलेली ती पहिली बाई. मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले.

पंधरा दिवसांनी पेटी आली. अष्टमीच्या गल्लीत टेम्पो उभा राहिला आणि अख्खी आळी गोळा झाली. पेटी दारातून आत जाईना! आडवी करा, तिरकी करा, छे! सिस्टर जवळ गेल्या. पाच फूट उंच, आणि रुंदीला एखादं छोटं न्हाणीघर. बाबा दिल्या शब्दाला इतके जागले होते, की त्यांनी खरोखर पाच फुटी बैठ्या गणपतीची पेटी केली होती. मांडी घातलेल्या, चार हातांच्या, सुपाएवढ्या कानांच्या गणपतीची.

"अहो, मला सोंड आहे का?" सिस्टर बाबांना म्हणाल्या. "आणि हे कान कुणाचे धरलेत?"

बाबा टेम्पोबरोबर आले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "पाच फुटी मूर्तीला एवढी रुंदी लागतेच."

"मग माझं माप घ्या."

इथे खरी पंचाईत झाली. जित्या माणसाला त्या कामासाठी टेप लावायची? बाबांचा हातच उठेना. टेपवर आकडा दिसतो, आणि आकडा दिसला की ती पेटी मूर्तीची राहत नाही. मी म्हटलं, "द्या इकडे, मी घेते." तर माझ्यावरच खेकसले, "तू लांब हो!" शेवटी त्यांनी खिशातून सुतळी काढली. एक टोक सिस्टरच्या खांद्यापाशी धरलं, अंगाला न लावता, आणि दुसऱ्या खांद्यापर्यंत नेलं. तोंड दुसरीकडे. गाठ मारली. डोक्यापासून टाचेपर्यंत दुसरी गाठ. सिस्टर फोटो काढायला उभ्या राहाव्यात तशा ताठ उभ्या होत्या.

"किती भरलं?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच भरलं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. सिस्टरनी ते पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता आत जाऊन चहा टाकला.

पेटी अंगणातच उकलली आणि बाबांनी ती दोन दिवसांत बारीक करून दिली. कापून उरलेल्या फळ्यांचे पैसे सिस्टरनी वळते करून घेतले, हे सांगायला नकोच. पण पेटी राहिली उभीच, पुढची फळी बिजागरीवर. तशीच ती बाहेरच्या खोलीत भिंतीला लावली. आत त्यांच्या पांढऱ्या साड्या, गीतांचं पुस्तक, छत्री. बाहेर बाण आणि 'हे तोंड वर'. नवा माणूस म्हणायचा, कपाट सुरेख आहे, कुठून आणलंत? "पेणहून," सिस्टर म्हणायच्या. "टिकाऊ आहे. शेवटपर्यंत पुरेल."

दरवर्षी भाताची झोडणी झाली की बाबा नव्या पेंढ्याचा भारा घेऊन पेणहून यायचे, अष्टमीला जाऊन पेटीतळाशी ठेवलेला जुना काढायचे, नवा भरायचे. "मूर्तीला वल लागाया नको," एवढंच बोलायचे. चहा प्यायचे, भावावरून एखादं भांडण करायचे आणि परतायचे. आई गेल्यावर मी त्यांना रोह्याला माझ्याकडे आणलं. मग पेटीकडे जायला झोडणीची वाटसुद्धा बघावी लागेना. महिन्यातून दोनदा पुलावरून त्यांची फेरी असायची. मी विचारलं तर म्हणायचे, "पेटी बगून येतो. लाकूड हाय, वाळवी लागती."

सिस्टर निवृत्त झाल्या, मी हेड झाले. साबण मी अजूनही दोऱ्यानं कापायचे. आणि एका श्रावणात सिस्टर आमच्याच वॉर्डात आल्या, खिडकीजवळच्या खाटेवर. पोटात गाठ होती. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन मान हलवली. सिस्टरना सांगायची गरजच नव्हती. तीस वर्षं त्यांनी तीच मान पाहिली होती.

आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला घरी सोड."

"सिस्टर, इथं सलाईन आहे, आम्ही आहोत."

"पेटी तिकडे आहे गं. इथं काही झालं तर ती पुलावरून इकडे आणायची, मग परत न्यायची. दुप्पट हमाली! कुणी सांगितलंय?"

मी हसले आणि रडलेही. त्यांना खरंच हमाली वाचवायची होती की आपल्या घरात मरायचं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. कागद केले. दामूनं खुर्चीची गाडी आणली. व्हरांड्याच्या पायरीपाशी रिक्षा उभी होती. दामूनं त्यांना उचलून आत बसवलं, मी शाल नीट केली आणि मागे झाले. रिक्षावाल्यानं हँडल ओढलं तर सिस्टरनी त्याच्या पाठीवर टकटक केली, थांब.

"काय गं," त्या मला म्हणाल्या, "विसरलीस?"

मला कळलं नाही असं नाही. कळलं म्हणूनच जीभ उचलेना. त्या वाट बघत राहिल्या. तोंडावर तोच दम द्यायचा भाव.

"परत येऊ नका हां, सिस्टर," मी म्हटलं.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "चल रे."

पाचव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मी आणि एक कोळीण शेजारीण जवळ होतो. बाहेर धो धो पाऊस. पाळकसाहेबांना फोन लावला, ते म्हणाले निघतो. तासाभरात बातमी आली, नागोठण्याला पाणी रस्त्यावर आलंय, गाड्या बंद. पण उशीखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, त्याच्या पाठीवर त्यांचं अक्षर: 'पाळकसाहेब पोचले तर उत्तम. नाही पोचले तर गीतांच्या पुस्तकात खूण घातलेलं पान तू वाच. थांबायचं नाही.'

आणि खरंच, थांबायला काही कारणच नव्हतं. खड्डा त्यांनी सांगून ठेवलेल्या माणसांनी खणला. बाबा आले. कुणाला जवळ येऊ देईनात. बिजागऱ्या काढल्या, पेटी आडवी केली, साड्या काढून माझ्या हातात दिल्या. पेंढा झाडून, सारखा करून अंथरला. आम्ही बायकांनी सिस्टरना आत ठेवलं. सुतळीचं माप एका बोटाचंही चुकलं नव्हतं. मी पान वाचलं. कसं वाचलं ते विचारू नका.

उचलायला दामू होता, दवाखान्यातली तीन माणसं होती, दोन कोळणींचे मुलगे होते. दामू पेटीवरचा लाल बाण बघून अडला. "बाबा, हे तोंड वर म्हंजे उभी नेवाची काय?"

"बाण डोक्याकडं," बाबा म्हणाले. "आडवी न्या. हलकेच." त्यांनी फळी बसवली, एकेक स्क्रू पिळला. शेवटचा स्क्रू बसला. आणि चाळीस वर्षांची सवय, हात आपसूक उठला. पेटीवर दोन थापा पडल्या.

"गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!"

कोळीण शेजारणीनं तोंडावर हात घेतला. बाबांना काय झालं ते कळलं आणि ते मटकन खालीच बसले. "चुकलं गो पोरी! तोंडातून गेलं. ख्रिस्ताची बाई ती, आनि मी काय बोललो! मूर्तीचीच पेटी म्हनत आलो ना इतकी वर्सं..." मी त्यांच्याजवळ बसले.

दामू उचलायच्या तयारीत पेटीची डोक्याकडची कड धरून उभा होता. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानं तोंड खांद्याला पुसलं. मग तो वाकला आणि बाणाजवळ तोंड नेऊन, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, जलमभर तुमी सगल्यांना बोलल्या, परत येऊ नका. आमी गुमान ऐकलं. आता बाबा बोलले ते तुमी ऐकायचं. लवकर यायचं."

आणि बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "उचला."

"मोरया," सगळे म्हणाले, आणि पेटी उचलली.